उरल्यातले उरलेसुरले

रायपूरजवळचे उरला म्हणजे लोखंड, ट्रक आणि धूर. प्रवासवर्णनासाठी कुणी तिथे जात नाही. पण तिथल्या एका क्वार्टरमध्ये भिंतीवर टांगलेल्या गोधड्या पाहिल्या आणि ही वाट वाकडी केल्याचे सार्थक झाले.

रायपूर स्टेशनबाहेर मी रिक्षावाल्याला 'उरला' असे सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे आणि माझ्या बॅगेकडे नीट पाहून विचारले, "कौन सी फैक्टरी?" फॅक्टरी नाही, बहिणीच्या घरी जायचे आहे, असे म्हटल्यावर त्याला जरा नवलच वाटले. उरल्याला माणसे कामाला जातात, पाहुणी म्हणून फारशी कुणी जात नसावीत.

मराठी माणसाला हे गावाचे नाव ऐकले की पहिला प्रश्न पडतो, "काय उरला?" माझ्या आतेबहिणीच्या यजमानांचा, म्हणजे भाऊजींचा, हा ठरलेला विनोद आहे. ते तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत. गावाहून कुणीही आले की ते म्हणतात, "विदर्भातले सगळे पुढे गेले, मी तेवढा उरलो." ताई हसत नाही. वीस वर्षांत तिने तो विनोद पुष्कळदा ऐकला आहे.

रायपूर मराठी माणसाला परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये भास्करपंतांबरोबर छत्तीसगडात उतरल्या आणि पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून इथला कारभार पाहिला. इंग्रजांच्या देखरेखीत, १८१८ मध्ये, कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. हिंदी पत्रकारितेत आदराने घेतले जाणारे माधवराव सप्रे घरचे मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि समर्थांचा दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. आजही शहरात तात्यापारा आहे, लाखेनगर आहे आणि १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळही आहे. हे सगळे पाहायचे ठरवले तर दोन दिवस सहज जातील. पण माझी रिक्षा शहराकडे पाठ फिरवून बिलासपूरच्या रस्त्याला लागली होती.

रंग बदलत जाणारी वाट

फाफाडीह मागे पडले, खमतराई गेली, भनपुरी आले. जसजसे बिरगाव जवळ येऊ लागले तसतसा रस्त्याचा रंग बदलू लागला. कडेच्या झाडांची पाने हिरवी असावीत असे समजून घ्यायचे. सळ्या लादलेले ट्रक, वजनकाटे, टायरची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि मागे उभी धुराडी. या पट्ट्यात लोखंड वितळवणारे, लाटणारे, स्पंज आयर्न बनवणारे कारखाने आहेत. स्पंज आयर्न म्हणजे लोहखनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवून, न वितळवता त्यातला प्राणवायू काढून केलेले लोखंड. या कामातून उडणारी बारीक काळी धूळ ही रायपूरच्या उत्तरेकडच्या वस्तीची कित्येक वर्षांची तक्रार आहे. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी बोटाने लिहिण्याजोगी होते.

अशा ठिकाणी ताई घरात बसून कापडाची चित्रे शिवते. हा उद्योग तिने कुठे मांडावा याचा विचार देवाने केला नव्हता हे खरे!

तिच्या क्वार्टरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर तीन गोधड्या टांगलेल्या. आपण ज्या अंगावर घेतो त्याच जातीच्या, पण निजायच्या नव्हेत, पाहायच्या. एकीवर भाताची खाचरे होती. हिरव्या रंगाचे किती प्रकार असतात हे मला ती पाहूनच कळले. दुसरीवर नुसते चौकोन, तरी त्यांच्याकडे पाहताना पाण्यात पाहिल्यासारखे वाटत होते. तिसरी अर्धीच होती. तिच्याबद्दल पुढे सांगते.

"पाहून काय राहिली? चहा थंड होऊन राहिला," ताई म्हणाली. वर्ध्याकडची बोली तिने छत्तीसगडातही सोडलेली नाही.

पहिली गोधडी बादलीत गेली

ताईला शिवण येत होते, पण हे शिवण वेगळे. सुरुवात झाली ती मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा. घर रिकामे झाले. दुपार सरेना. शेजारी एक वयस्क छत्तीसगढी बाई राहतात. वस्तीतल्या सगळ्यांच्या त्या दाई, म्हणजे आई. त्या ओसरीत बसून जुन्या लुगड्यांची कथरी शिवत असत. आपण गोधडी म्हणतो, वाकळ म्हणतो. त्या कथरी म्हणतात, गोदरीही म्हणतात. आपले लुगडे त्यांच्याकडे लुगरा. ताई म्हणते, "भाषा नाही जमली तरी कापडाचे शब्द जमले, मग बाकीचंही जमलं."

आणखी एक धागा दोघींना जोडणारा निघाला. आपल्याकडे हरतालिका असते त्याच दिवशी छत्तीसगडात तीजा असतो. लेकी माहेरी येतात, उपास करतात आणि माहेरहून त्यांना लुगरा मिळतो. दाईंच्या कथरीत अशा कितीतरी तीजांचे लुगरे होते. कोणता तुकडा कोणत्या भावाने दिला हे त्या बोट ठेवून सांगत.

ताईने ठरवले, आपणही करायचे, पण भिंतीवर लावण्याजोगे. तिने पंडरीच्या कापडबाजारातून सुरेख लाल आणि पांढरे सुती कापड आणले. दोन महिने खपून कमळ शिवले. धूळ बसली म्हणून एकदाच बादलीत बुचकळले. वर काढले तेव्हा पांढरे उरलेच नव्हते, सगळे गुलाबी!

"रडले मी," ती म्हणाली. "दाई हसल्या. म्हणाल्या, कापडाला आधी आंघोळ घालायची, मग त्याला घरात घ्यायचं."

नवे कापड कापण्याआधी धुवायचे, हा पहिला धडा तिने असा घेतला. ज्या वाचक भगिनींना हात चालवायचा असेल त्यांनीही लक्षात ठेवावे. गडद लाल, निळे, काळे कापड कोमट पाण्यात पुन्हापुन्हा धुवावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबावे. मग ओल्या तुकड्यावर पांढरे फडके ठेवून इस्त्री फिरवावी. फडक्यावर डाग आला तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी बसवू नये. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असे आपण ऐकत आलो आहोत, पण आधीच रंगवलेल्या कापडाच्या बाबतीत त्याचा भरवसा धरू नये. आणि धुण्याने कापड आटायचे तेवढे आधीच आटून जाते, हा दुसरा फायदा.

आटण्याची अक्कल तिला कोशाने शिकवली. चांप्याकडचे कोसा रेशीम हे छत्तीसगडचे वैभव. त्याचा तो मधासारखा रंग पाहून कुणालाही मोह होईल. ताईने त्याचे तुकडे सुतीच्या मध्ये बसवले आणि पाणी लागल्यावर दोन्ही कापडे आपापल्या मर्जीने वागली. गोधडीला सुरकुत्या पडल्या. आता ती रेशमाची गोधडी सगळी रेशमाचीच करते, किंवा कोसा फक्त वरून लावते आणि त्या गोधडीला पाणी दाखवत नाही.

दोऱ्याला ओढू नकोस

गोधडीचे तंत्र वरवर साधे आहे. खाली जुने धोतर किंवा साडी अंथरायची, कोपऱ्यांवर वजने ठेवायची, मध्ये जुन्या कापडांचे थर, वर तुकड्यांची नक्षी. मग सगळ्या थरांतून धावदोरा. तो एका कोपऱ्यापासून निघतो, कडेकडेने चारी बाजू फिरतो आणि फेऱ्या घेत आत आत जातो. शेवटचा टाका पडतो तो मध्यावर.

यातली गोम दोरा ओढण्यात. जोरात ओढला की कापड गोळा होते, सैल सोडला की थर सरकतात. ताईच्या पहिल्या गोधड्या कडेला सपाट आणि मध्ये पापडासारख्या फुगलेल्या होत. दाई शेजारी बसून एकच वाक्य म्हणत, "धागा ला जादा झन तीर, नोनी." दोरा फार ओढू नकोस, पोरी. ताईने आधी मोठे कच्चे टाके घालून सगळे थर जखडायला सुरुवात केली, दोऱ्याला मेण लावले, बोटात अंगुस्तान घातले, तेव्हा कुठे कापड तिचे ऐकू लागले.

टाके सारखे यायला वर्ष लागले. "सारखे आले आणि मजाच गेली," ती म्हणाली. "मशीनसारखं दिसायला लागलं. मग मी पुन्हा थोडे वाकडे येऊ द्यायला शिकले."

काळ्या धुळीशी भांडण

खरी परीक्षा धुळीची. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांवर जातो. त्या उकाड्यात ताई दारे-खिडक्या लावून शिवत बसे. घामाचा हात कापडाला लागे आणि त्यावर काळा ठसा उमटे. ओल्या फडक्याने पुसायला गेले की डाग आणखी आत शिरे.

हळूहळू तिने रीत बसवली. काजळीसारखी कोरडी धूळ कधीही ओली करायची नाही. गोधडी सावलीत उलटी धरून हलक्या हाताने झटकायची, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायची, मगच गरज पडली तर पाणी. काम थांबले की गोधडी जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवायची. घडी घालायची नाही, कारण घडीवर कापड चिरते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही, आत दमटपणा कोंडतो. टांगायची तर मागच्या बाजूला वरच्या कडेला कापडाची नळी शिवून तिच्यात काठी ओवायची, म्हणजे भार सगळीकडे सारखा पडतो. आणि समोरून ऊन येईल अशा भिंतीवर नको, रंग उडतात.

पण धूळ काही थांबली नाही. एका गोधडीवर तिने पांढरे आभाळ शिवले होते. ते महिनाभरात करडे झाले. ती चिडून ते उसवायला बसली. मग खिडकीतून बाहेर पाहिले तर बाहेरचे आभाळही अगदी त्याच रंगाचे!

"तेव्हापासून आभाळ पांढरं करत नाही," ती म्हणाली. त्यात कडवटपणा होता, लाडिकपणा नव्हता. "लोक म्हणतात छान जमलाय रंग. मी म्हणते, जमला नाही, बसलाय. कापड झटकता येतं बाई, पण पोरांच्या छातीत बसतो तो कसा झटकायचा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. भाऊजींची भाकरी त्याच धुराड्यांवर शिजते आणि हे ताईला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

ट्रंकेतली तीन लुगडी

ताईची सगळ्यात मोठी चूक मात्र रंगाची नव्हती आणि धुळीचीही नव्हती.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची तीन नऊवारी लुगडी ट्रंकेत राहिली. त्यांतले एक इरकली, गर्द हिरवे, पदर लाल. भाताच्या खाचरांची गोधडी करताना ताईला तोच हिरवा हवा होता. बाजारात तो मिळेना. एका दुपारी तिने ट्रंक उघडली आणि कात्री चालवली.

भाऊजी संध्याकाळी आले. जमिनीवर पसरलेले तुकडे त्यांनी पाहिले. काही बोलले नाहीत. जेवले आणि बाहेर जाऊन बसले. आठ दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले.

"मला वाटलं, मी आईंची आठवण जपून राहिले. त्यांना वाटलं, मी ती कापून राहिले," ताई सांगत होती. "दोघांचंही खरंच होतं ना गं."

दाईंना हे कळले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, "पूछे रहेस?" विचारले होतेस का?

नव्हते विचारले. कापड आपल्या ताब्यात असते म्हणून आपले असतेच असे नाही. ताईने उरलेली दोन लुगडी भाऊजींसमोर नेऊन ठेवली आणि म्हणाली, यांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. त्यांनी दोन महिने घेतले. मग एक तसेच अखंड ठेवायचे ठरले आणि एक त्यांनी स्वतःहून दिले. कापलेल्या इरकलीचा लाल पदर मात्र ताईने तोडला नाही. तो त्या खाचरांच्या वर, क्षितिजासारखा, सबंध आडवा शिवला आहे. मी आल्या आल्या ज्याकडे पाहत उभी होते तो हाच.

दूरच्या बायांची गोष्ट

त्या रात्री जेवणानंतर मी ताईला अमेरिकेतल्या जीज् बेंडची गोष्ट सांगितली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. गुलामगिरीतून सुटलेल्यांची ही लेकरे. थंडी फार आणि पैसा कमी, म्हणून तिथल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या, तेव्हा जाणकार थक्क झाले. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटेही निघाली. त्यांतल्या मिझोरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतात वापरायच्या कपड्यांचीच गोधडी शिवली होती. पांघरायला आणि आठवायला.

आपल्या जवळही असे उदाहरण आहे. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बाया 'कवंद' नावाच्या रंगीबेरंगी गोधड्या शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कवंदाच्या चारी कोपऱ्यांवर त्या तिकोनी घड्यांची फुले लावतात. आणि आपल्या गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रावरूनच. ठिगळाची आपण लाज बाळगायला शिकलो ती अलीकडे.

भाऊजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. ताई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अहो, मी मात्र आत्ताच मागते. तुमचा तो खाकी शर्ट द्या."

भाऊजी उठले, आत गेले आणि शर्ट घेऊन आले. मिलमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांनी बाह्यांना बारीक भोके पडलेली. "हा घे. पण भोकं बुजवू नकोस," ते म्हणाले.

मधला चौकोन

आता त्या तिसऱ्या, अर्ध्या गोधडीविषयी.

ती पाहताच मला ओळखीची वाटली होती. आमच्या आजीची एक वाकळ होती. आम्ही भावंडे सुट्टीत तिच्यावर दाटीवाटीने झोपायचो. तिच्यात आत्याची, म्हणजे ताईच्या आईची, लग्नाआधीची लुगडी होती. आजी गेल्यावर आम्ही घर बदलले. जुने सामान काढताना मी ती वाकळ बोहारणीला दिली. बदल्यात स्टीलचे एक पातेले घेतले. ते पातेले अजून आमच्याकडे आहे. हे मी ताईला कधी सांगितले नव्हते.

"ताई, ती वाकळ मी..."

"माहीत आहे मला. तुझ्या आईनं सांगितलं होतं तेव्हाच," ती म्हणाली. "तेव्हा मी रडले होते. आता तीच आठवून आठवून शिवते आहे."

आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि आठवू लागलो. कडेला जांभळी पट्टी होती, यावर एकमत झाले. तिच्या आत चौकटीचे धोतर. मधला चौकोन कोणता? मी म्हटले, हिरवा, खणाचा. ती म्हणाली, निळा. माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, मध्ये चौकोन नव्हताच, पिवळी चांदणी होती!

आम्ही खूप हसलो. मग थोडा वेळ कुणीच बोलले नाही. खरी वाकळ समोर असती तर एका नजरेत उत्तर मिळाले असते.

ताईने मध्ये साधे कोरे मांजरपाट ठेवले आहे. "राहू दे," ती म्हणाली. "ज्याला जे आठवेल ते त्यात पाहील. तू चार टाके घाल."

मी घातले. एक लांब, एक आखूड, दोन तिरपे. ते उसवून पुन्हा नीट घाल, असे मी म्हटले, पण तिने सुई काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी निघताना दाई भेटायला आल्या. माझ्या हातात त्यांनी एक फडके ठेवले, त्यांच्या जुन्या लुगऱ्याचा वीतभर तुकडा. घरी आल्यावर तो मी धुतला. पाणी आधी काळे आले, मग स्वच्छ. रंग मात्र सुटला नाही. आता माळ्यावरचे जुन्या साड्यांचे गाठोडे खाली काढले आहे. कात्री लावण्याआधी आईला विचारणार आहे.

जाताना

मुंबई-हावडा लोहमार्गावर रायपूर हे मोठे स्टेशन आहे. नागपूरपासून ते सुमारे ३०० किलोमीटर. मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस रायपूरवरून जातात. स्टेशनपासून उरला साधारण १० ते १२ किलोमीटर असून रिक्षा मिळते. उन्हाळा टाळावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. शहरात बुढा तालाब, दूधाधारी मठ पाहता येतील. कापडासाठी पंडरी बाजार आणि किरकोळ खरेदीसाठी गोलबाजार गाठावा. कोसा घेताना दुकानदाराकडून तो धुण्याची रीत विचारून घ्यायला विसरू नये.